विजेचे धोरण लूमच्या शेडपर्यंत आणायचे तर विद्यापीठांनी मीटर घेऊन बाहेर पडावे

कापडाच्या धंद्यात नफा-तोटा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : सूत, मजुरी आणि वीज. सुताचा भाव बाजार ठरवतो. मजुरीचा दर कारागीर आणि मालक मिळून ठरवतात. विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो. यात लहान कारखानदाराच्या हातात फारसे काही नाही. फक्त एकच गोष्ट त्याच्या हातात आहे. एक मीटर कापड विणायला किती युनिट जाळायचे, हे तो ठरवू शकतो. आणि नेमके हेच आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. सूत किती किलो आले आणि ग्रे कापड किती मीटर गेले याचा हिशोब वहीत असतो. विजेचे मात्र महिन्याचे बिल येते, ते भरले जाते आणि खिळ्याला टांगले जाते.

सरकार गेली वीस-पंचवीस वर्षे ऊर्जा बचतीचे आणि स्वच्छ ऊर्जेचे धोरण राबवत आहे. योजना निघतात, पैसा मंजूर होतो, जाहिराती येतात. तरीही भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथील लहान कारखान्यात त्यातले फार थोडे पोहोचते. असे का होते आणि यात विद्यापीठे व इंजिनिअरिंग कॉलेजे काय करू शकतात, याचा विचार एका व्यापाऱ्याच्या नजरेने या लेखात केला आहे.

धोरण कुठपर्यंत आले?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्या कायद्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. पंख्यावर, फ्रिजवर, एसीवर जे तारे छापलेले असतात ते याच ब्युरोचे काम. २०१२ मध्ये मोठ्या कारखान्यांसाठी 'पॅट' नावाची योजना आली. तिच्यात कारखान्याला बचतीचे लक्ष्य दिले जाते. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि ती विकता येतात.

त्या योजनेत कापड उद्योगही होता. परंतु वर्षाला ३,००० टन तेलाइतकी ऊर्जा वापरणारा कारखानाच तिच्यात धरला गेला. विजेच्या भाषेत हा आकडा सुमारे साडेतीन कोटी युनिट होतो. २४ लूमचा एक कारखाना वर्षाला लाखभर युनिट वापरतो असे धरले (त्याचा हिशोब पुढे दिला आहे), तर असे ३०० हून अधिक कारखाने एकत्र केले तेव्हा त्या योजनेतला एक कारखाना होईल. म्हणजे लहान लूमवाला त्या धोरणाच्या दाराबाहेरच राहिला.

लहानांसाठी काहीच झाले नाही असेही नाही. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतूनच 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेचा आरंभ झाला. जुने साधे माग सुधारण्यासाठी आणि लहान घटकांना सौर ऊर्जा घेण्यासाठी तीत मदत ठेवली होती. त्याच वर्षी 'साथी' नावाची योजना जाहीर झाली. सरकारी कंपनी ईईएसएलने कार्यक्षम माग, मोटारी आणि रेपियर किट घाऊक भावाने घ्यायचे, कारखानदाराने सुरुवातीला काही न देता चार-पाच वर्षांत हप्त्यांनी फेडायचे, अशी तिची कल्पना. इचलकरंजी, सुरत आणि इरोड येथे प्रात्यक्षिके ठेवण्याचे ठरले होते. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने २७ अश्वशक्तीखालील यंत्रमागांना प्रति युनिट १ रुपया आणि २७ ते २०१ अश्वशक्तीच्या यंत्रमागांना ७५ पैसे जादा सवलत देण्याचा निर्णय घेतला.

अगदी अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, केंद्र सरकारने 'अदिती' नावाने ओळखली जाणारी योजना पानिपतहून सुरू केली. तिच्यासाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ऊर्जा वाचवणारी यंत्रे घेण्यासाठी कर्ज काढले तर सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत मिळते. निवडलेल्या १४ उद्योगांत कापड उद्योग आहे. अट अशी की किमान १० टक्के ऊर्जा बचत दाखवता आली पाहिजे.

ही अट वाजवी आहे. परंतु १० टक्के बचत दाखवायची तर आधी किती खर्च होतो हे मोजलेले पाहिजे. आपल्याकडे कारखान्याचे एकच मीटर असते. त्यातले किती युनिट मोटारींनी खाल्ले, किती दिव्यांनी, किती कांडी भरण्याच्या मशीनने, हे त्या मीटरवरून कळत नाही. अशा वेळी सवलतीचा पैसा असूनही लहान माणूस अर्जाच्या पहिल्याच पानावर अडतो.

एक हिशोब मांडून पाहू

भिवंडीत सर्रास दिसणारा २४ लूमचा कारखाना घेऊ. प्रत्येक लूमला १ अश्वशक्तीची मोटार. महिन्यात २५ दिवस, रोज २० तास काम. म्हणजे महिन्याला ५०० तास.

मोटार जेवढी वीज घेते तेवढी सगळी लूमला देत नाही. काही भाग उष्णतेत जातो. म्हणूनच मोटारीला हात लावला की चटका बसतो. १ अश्वशक्तीची, चार पोलची, आयई-३ दर्जाची नवी मोटार पूर्ण भारावर ८२.५ टक्के वीज कामाला लावते. आयई-२ मोटार ७९.६ टक्के आणि आयई-१ मोटार ७२.१ टक्के लावते. जळालेली मोटार दोन-तीन वेळा भरून आणली, त्यात तारेचे माप बदलले, बेअरिंग ढिले राहिले, तर ती याहून खाली जाते. अशा मोटारींची सरासरी आपण ७० टक्के धरू.

प्रत्येक लूमला प्रत्यक्ष चालायला सरासरी अर्धा किलोवॉट लागतो असे मानले, तर २४ लूमना महिन्याला ६,००० युनिटचे काम हवे. जुन्या मोटारींवर त्यासाठी ८,५७१ युनिट घ्यावे लागतील. आयई-३ मोटारींवर ७,२७३ युनिट लागतील. फरक महिन्याला सुमारे १,२९८ युनिट.

आता दिवे पाहू. शेडमध्ये जुन्या पद्धतीच्या २० ट्यूब आहेत असे धरा. तांब्याच्या चोकसह एक ट्यूब ५२ वॉटच्या आसपास घेते. तेवढाच उजेड देणारी एलईडी ट्यूब २० वॉटमध्ये चालते. महिन्याला ३२० युनिटची बचत होते.

दोन्ही मिळून १,६१८ युनिट. एकूण ९,०९१ युनिटमधून ही बचत जवळजवळ १८ टक्के होते. प्रति युनिट ५ रुपये धरले तर महिन्याला ८,०९० रुपये आणि वर्षाला ९७ हजार रुपये. ज्याचा कारखाना मजुरीवर चालतो त्याला या रकमेची किंमत वेगळी सांगायला नको.

यात सरकारचाही फायदा आहे. हा कारखाना २७ अश्वशक्तीच्या आत बसतो. सरकार त्याला युनिटमागे १ रुपया जादा सवलत देणार असेल, तर वाचलेल्या १,६१८ युनिटमागे तिजोरीचेही दरमहा १,६१८ रुपये वाचतात. असे हजार कारखाने धरले तर वर्षाला दोन कोटींच्या जवळ रक्कम जाते. मोजणीवर खर्च करायला शासनाला यापेक्षा चांगले कारण कोणते हवे?

सौर पॅनेलची गोष्टही याच हिशोबात बसते. आपल्या भागात १ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देते आणि त्याला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. १० किलोवॉटचे पॅनेल बसवले तर महिन्याला १,२०० युनिट मिळतील. म्हणजे मोटारी बदलून जेवढी वीज वाचते, जवळजवळ तेवढीच १० किलोवॉटच्या सोलरमधून मिळते. पैसा एकाच कामापुरता असेल तर आधी काय करावे, हे गावच्या भावाने तोलून पाहता येईल. सोलर वाईट आहे असे मुळीच नाही. परंतु गळक्या टाकीत नवा नळ सोडण्याआधी गळती बंद करावी.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वरचा हिशोब मी काही आकडे धरून केला आहे. तुमच्या लूमला अर्धा किलोवॉट लागतो की पाऊण, तुमची मोटार ७० टक्क्यांवर आहे की ६२ वर, हे शेडमध्ये मोजल्याशिवाय कळणार नाही. हे मोजायचे कोणी? मोटार विकणारा मोटार बदलायला सांगेल. सोलरवाला पॅनेल घ्यायला सांगेल. दोघांचाही तो धंदा आहे, त्यात त्यांचा दोष नाही. मोजणारा असा पाहिजे की त्याला काहीच विकायचे नाही. असा माणूस विद्यापीठात मिळतो.

अमेरिकेतील विद्यापीठांनी काय केले

ही कल्पना नवी नाही. तेलाच्या पहिल्या संकटानंतर, १९७६ साली, अमेरिकन सरकारने एक योजना काढली. पुढे ती 'इंडस्ट्रियल असेसमेंट सेंटर' या नावाने ओळखली गेली. त्यात सरकारने इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या विद्यापीठांना पैसा दिला. विद्यापीठाच्या आसपासच्या लहान-मध्यम कारखान्यांत प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचे पथक जायचे. एक-दोन दिवस मीटर लावून मोजणी करायचे. सुमारे दोन महिन्यांत लेखी अहवाल द्यायचे. कारखानदाराला यासाठी फी पडत नसे. सहा ते नऊ महिन्यांनी पथक पुन्हा विचारणा करायचे की, आम्ही सांगितलेल्यापैकी तुम्ही काय केले आणि काय नाही.

चार दशकांहून अधिक काळात अशा २० हजारांवर तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणीत काय सुचवले, किती खर्च येणार होता, किती बचत होणार होती, हे सर्व रटगर्स विद्यापीठाने सांभाळलेल्या नोंदीत जमा झाले. ती नोंद कोणालाही पाहता येईल अशी ठेवली गेली. त्यात कारखान्याचा उद्योग आणि आकार लिहिलेला असतो, नाव मात्र नसते. आपल्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

या नोंदींवरून सोरेन अँडरसन आणि रिचर्ड न्यूवेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुचवलेल्या उपायांपैकी सुमारे निम्मे उपाय कारखानदारांनी अमलात आणले, असे त्यांना आढळले. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. वर्षाला किती वाचणार यापेक्षा आज खिशातून किती जाणार, याकडे कारखानदार जास्त पाहतो. अमेरिकेचा कारखानदारही आपल्यासारखाच हिशोब करतो, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. म्हणून मोजणीच्या अहवालासोबत हप्त्याची किंवा स्वस्त कर्जाची सोय जोडली पाहिजे. 'अदिती'सारखी योजना येथे उपयोगी पडते. विद्यापीठाने मोजावे, बँकेने कर्ज द्यावे आणि सरकारने व्याजाचा भार उचलावा, अशी साखळी जुळू शकते.

तारापूरचा अनुभव

हे सर्व अमेरिकेत ठीक, आपल्याकडे कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. त्यासाठी मुंबईजवळचेच उदाहरण देतो.

तारापूर आणि उंबरगाव येथील सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांत सल्लागारांनी अनेक महिने बसून साध्या गोष्टी शिकवल्या. मशीन का बंद पडले याची रोज नोंद, कापडातल्या दोषांची नोंद, सुताचा साठा नीट मांडणे, मशीनची वेळेवर देखभाल. मोठी नवी यंत्रे घेतली नाहीत. पहिल्याच वर्षात त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

हा प्रयोग विजेचा नव्हता. परंतु वीज आणि दोष यांचे नाते प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ताणा तुटून लूम उभा राहिला तरी अनेक शेडमध्ये मोटार फिरतच असते. दोष असलेला ताका 'सेकंड' म्हणून कमी भावात जातो, पण त्याला लागलेली वीज पूर्ण भावाची असते.

काही वर्षांनी संशोधक त्याच कारखान्यांत परत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सोडून दिलेल्या होत्या. तरीही ते कारखाने इतरांपेक्षा चांगले चालत होते. यातून दोन गोष्टी शिकायच्या. बाहेरच्या माणसाने शिस्तीने मोजले तर आपल्या धंद्यातही फरक पडतो. आणि एकदा येऊन अहवाल देऊन जाणे पुरेसे नाही, परत यावे लागते.

आपल्या संस्थांना हे जमेल का?

कापड धंद्यासाठी ज्ञानाच्या संस्था उभारण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ ची. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, आजची आयसीटी, १९३३ साली सुरू झाला तो कापडाच्या रसायनशास्त्रापासूनच. १९४७ मध्ये अहमदाबादेत विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने अटिरा उभी राहिली. नंतर मुंबईत बिट्रा आणि कोइम्बतूरला सिट्रा आली. या संशोधन संस्था मुख्यतः गिरण्यांसाठी होत्या. गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि कापड यंत्रमागावर आले. प्रयोगशाळा मात्र जिथे होत्या तिथेच राहिल्या. यंत्रमाग सेवा केंद्रे आहेत, ती नमुने तपासतात, प्रशिक्षण देतात. परंतु हजारो शेडमध्ये जाऊन मोजणी करण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नाहीत.

माणसे विद्यापीठांकडे आहेत. भिवंडी मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, मालेगाव पुणे विद्यापीठाच्या, इचलकरंजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ आहे. इचलकरंजीत डीकेटीईची वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी संस्था १९८२ पासून आहे. मालेगावात मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस आहे. मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीक कॉलेज आहे. आपल्याच घरची मुले तेथे इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल शिकतात. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्यांना बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचे गुणही मिळतात. ज्या मुलाचा बाप लूम चालवतो, त्याने प्रोजेक्टसाठी दूरच्या कंपनीचे प्रमाणपत्र शोधण्यापेक्षा बापाच्या शेडमधली वीज मोजावी, हे सर्वांच्याच सोयीचे आहे.

माझ्या मते विद्यापीठांनी चार कामे हाती घ्यावीत.

पहिले काम मोजणीचे. ऊर्जा ब्युरोची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली चार-पाच विद्यार्थ्यांचे पथक असावे. प्रत्येक मोटारीचा भार, व्होल्टेज, पॉवर फॅक्टर मोजावा. सायझिंग आणि प्रोसेसिंगच्या ठिकाणी बॉयलर पाहावा. तेथे मोठी बचत दडलेली असते. बॉयलरला जाणारे पाणी वाफेच्या परत आलेल्या पाण्याने ६ अंश सेल्सिअसने गरम झाले तर सुमारे १ टक्का इंधन वाचते, हा इंजिनिअरांचा नेहमीचा नियम आहे. कित्येक ठिकाणी ते गरम पाणी गटारात जाते आणि वाफेच्या पाइपावर वेष्टन नसते.

दुसरे काम मालाच्या तपासणीचे. केंद्र सरकारने सौर मिशन सुरू केले त्याच २०१० मध्ये आयआयटी मुंबईत सौर विजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने २०१३ पासून काही वर्षांच्या अंतराने देशभर बसवलेली पॅनेल प्रत्यक्ष जाऊन तपासली. उष्ण प्रदेशात पॅनेल लवकर उतरतात, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान व छपरावरची पॅनेल जास्त खराब होतात, असे आढळले. पॅनेल घेताना आणि बसवताना पुरेशी काळजी घेतली न जाणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. लहान गिऱ्हाइकाला माल पारखून कोण देणार? जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेने थोड्या फीमध्ये मोटार आणि पॅनेल तपासून दिले तर फसवणूक कमी होईल. सिव्हिलच्या विभागाने शेडचे छप्पर पाहावे. जुन्या कैचीवर सिमेंटचे पत्रे, खाली लूमचा सततचा धक्का, अशा छपरावर पॅनेलचे वजन टाकावे की नाही, हे विकणाऱ्याच्या तोंडी भरोशावर ठरवू नये.

तिसरे काम शिक्षणाचे. आपल्या धंद्यात विजेचा खरा जाणकार म्हणजे गल्लीतला मोटार भरणारा आणि शेडमधला जॉबर. त्यांना कोणी शिकवत नाही. योग्य मापाची तार, योग्य बेअरिंग आणि नीट ताणलेला पट्टा एवढ्यावरच पुष्कळ वीज वाचते. आठ-दहा दिवसांचे वर्ग रात्री ठेवावेत, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत. स्थानिक लोकांना शिकवून काम करून घेता येते हे आयआयटी मुंबईने दाखवले आहे. २०१४ पासून पुढे तिच्या योजनेत महाराष्ट्रासह चार राज्यांत शाळकरी मुलांसाठी १० लाख सौर दिवे गावातल्याच माणसांनी जोडले, वाटले आणि दुरुस्तही केले.

चौथे काम सरकारला खरे सांगण्याचे. हजार शेडची मोजणी एकत्र केली तर अश्वशक्तीची मर्यादा कुठे असावी, अनुदान मोटारीला द्यावे की मागाला, कोणत्या गावात कोणती अडचण आहे, याचे उत्तर कागदावर येईल. आज अनुदानाच्या मागण्या मोर्चाने आणि निवेदनाने होतात. आकडे हातात असतील तर मागणीला वजन येईल.

भीती आणि वाटा

आता अडचणींचे बोलू. पहिली अडचण भीतीची. परक्या माणसाला शेडमध्ये घेतले तर उद्या इन्स्पेक्टर येईल, मंजूर भार तपासला जाईल, असे अनेकांना वाटते. ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. म्हणून अमेरिकेतल्या नोंदीप्रमाणे कारखान्याचे नाव गुप्त ठेवण्याचा लेखी करार विद्यापीठाने करावा. अहवाल मालकाच्या हाती द्यावा आणि सरकारकडे फक्त नावाशिवाय एकत्रित आकडे जावेत. हा भरोसा पहिल्या दिवशी मिळाला नाही तर दरवाजे उघडणार नाहीत.

दुसरी अडचण कारागिराची. सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांत एक प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाहोर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संशोधकही होते. रेक्झिन कमी वाया जाईल असा कापण्याचा नवा साचा त्यांनी कारखान्यांना फुकट दिला. सव्वा वर्ष झाले तरी फार थोड्यांनी तो वापरला. कारण कारागिराला नगावर मजुरी होती. नव्या साच्याने सुरुवातीला हात मंद चालणार, मजुरी कमी होणार आणि वाचलेल्या मालाचा फायदा मालकाला होणार. मग काही कारखान्यांत एका कापणाऱ्याला आणि एका छापणाऱ्याला, नवा साचा चालवून दाखवल्यास सुमारे एका महिन्याचा पगार देऊ केला. तेव्हा तो साचा वापरणारे वाढले.

आपल्याकडेही मजुरी मीटरवर आहे. लूम उभा असताना मोटार बंद कर, असे सांगून कारागीर का ऐकेल? वाचलेल्या पैशातून त्याचा वाटा ठेवला पाहिजे. विद्यापीठाच्या अहवालात यंत्रांसोबत हा मुद्दाही आला पाहिजे. तो इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नसला तरी शेडमध्ये रोज दिसतो.

तिसरी अडचण विद्यापीठांचीच. प्रोजेक्टची जाड वही बांधायची, गुण घ्यायचे आणि वही कपाटात ठेवायची, ही सवय तेथे पक्की आहे. सहा महिन्यांनी परत जाऊन काय झाले ते पाहिल्याशिवाय विद्यार्थ्याला पूर्ण गुण देऊ नयेत. अहवाल दोन पानांचा असावा आणि मालकाला वाचता येईल अशा भाषेत असावा.

व्यापारी बंधूंनी काय करावे

विद्यापीठ आपणहून आपल्या गल्लीत येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्या यंत्रमाग संघटनांनी जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र द्यावे आणि पहिल्या वर्षी निदान २० शेडचे दरवाजे उघडून द्यावेत. मोजणीची उपकरणे महाग असतात, ती एका शेडला परवडत नाहीत, पण संघटनेला किंवा ट्रस्टला परवडतील. एक पॉवर ॲनालायझर कॉलेजला दिला तर तो वर्षभर अनेक शेडमध्ये फिरेल. आपण शिष्यवृत्त्या देतो, ते चांगलेच आहे. त्यातल्या काही अशा मुलांना द्याव्यात की जी आपल्याच धंद्याची मोजणी करतील.

तोपर्यंत प्रत्येकाने दोन कामे आजच सुरू करावीत. मागच्या १२ महिन्यांची वीजबिले खिळ्यावरून काढून एका वहीत महिनावार युनिट लिहावेत आणि शेजारी त्या महिन्यात विणलेले मीटर लिहावेत. युनिटला मीटरने भागले की तुमच्या कापडाचा विजेचा भाव निघेल. त्याच पन्ह्याचे आणि त्याच पिकाचे कापड काढणाऱ्या शेजाऱ्याशी तो आकडा ताडून पाहावा. दुसरे काम मोटारींचे. प्रत्येक मोटारीवर रंगाने नंबर टाकावा आणि ती कधी भरली, किती वेळा भरली, याची नोंद ठेवावी. मोजणीचे पथक येईल त्या दिवशी ही वही त्यांच्यापुढे ठेवा. त्यांचे निम्मे काम तिथेच झालेले असेल, आणि कर्जासाठी बँकेत जाताना तुमच्या हातात पुरावा असेल.